मी वजा केलेले चार इंच

दोन गोण्या भरून शर्ट आले तेव्हा मी ते आधी मोजले. साठ. प्रत्येकाच्या कॉलरला सुतळीने नंबराची चिठ्ठी बांधलेली, सगळे धुऊन इस्त्री केलेले. सोबत एक यादी होती: नंबर, नाव, उंची. सत्तावीस नंबरला माझ्या भाचीचं नाव होतं.

तलासरीच्या आमच्या युनिटमध्ये जवानांच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काम सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी तिथली कटिंग मास्तर. त्याआधी बावीस वर्षं डहाणूत घरी बसून ब्लाउज शिवले. युनिटमध्ये आले तेव्हा शिलाईच्या पोरींना वाटलं, ही म्हातारी काय करणार. महिनाभरात त्या मला फर्मे दाखवायला यायला लागल्या. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा कापलेला आकार. तो कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. फर्मा चुकला की पुढचं सगळं चुकतं, कितीही चांगलं शिवलं तरी.

ही ऑर्डर सुरक्षा दलाच्या एका महिला तुकडीची होती. त्यांना तोवर पुरुषांचीच जॅकेटं मिळत होती, त्यातली सगळ्यात लहान. लहान म्हणजे रुंदीला कमी, लांबी तीच. बसलं की वरची कड गळ्याला टोचायची, पालथं पडून नेम धरला की जॅकेट मागून वर सरकून हेल्मेट डोळ्यांवर ढकलायचं. त्यांच्या साहेबीणबाईंनी वर लिहून लिहून शेवटी साठ जॅकेटं वेगळी मंजूर करून घेतली होती.

खरं तर आम्ही जाऊन मापं घ्यायची होती. पण तुकडी तीन ठिकाणी विखुरलेली आणि बाहेरच्या माणसाला कॅम्पात शिरायचं तर परवानगीला वेळ. तिथल्या कारकुनाने फोनवर विचारलं, प्रत्येकीचा युनिफॉर्मचा एक शर्ट पाठवला तर चालेल का. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल. बावीस वर्षं बायका माझ्याकडे मापाचा ब्लाउज घेऊनच आल्या. निम्म्याअधिक बायकांना मी टेप कधी लावलीच नव्हती. जुना ब्लाउज उलटा करून पसरायचा, बगल ते बगल मोजायचं, दुप्पट करायचं. या हिशेबावर मी घर चालवलं होतं.

शर्ट ढिला असतो. अंगाच्या मापापेक्षा किती ढिला ते कारकुनाला विचारून घेतलं. त्याने स्टोअरमधला नियम वाचून दाखवला: छातीला चार इंच. मी साठ शर्ट मोजले, साठ वेळा चार वजा केले आणि वहीत तक्ता केला. प्रत्येक शर्टासमोर शिलाईबद्दलही एकदोन शब्द लिहिले. ती माझी जुनी सवय आहे, टाका कसा, धागा कुठला. बऱ्याच शर्टांच्या बगलेखालच्या शिवणीचा धागा बाकीच्या शर्टाहून वेगळा होता. मी लिहिलं, ‘बाजूचा धागा वेगळा’. मनात म्हटलं, उसवला असेल, पुन्हा मारला असेल. आणि पुढच्या शर्टाकडे गेले.

माझं डोकं दुसरीकडे होतं, हेही सांगायला हवं. जॅकेटचं कापडी कव्हर सोपं असतं. कठीण काम आत. आत पुढे एक आणि मागे एक अशी दोन पानं असतात, प्रत्येकी अठ्ठावीस थरांची. ते पिवळसर कापड हाताला मऊ लागतं आणि कात्री बोथट करून टाकतं. बाईच्या छातीवर सपाट पान बसत नाही. मध्ये उचललं जातं आणि दोन्ही बाजूंना उघडं पडतं. ब्लाउजला आपण टक्स घालतो, म्हणजे कापडाला चिमटा घेऊन शिवतो. इथे टक्स घातला तर अठ्ठावीस थरांच्या शिवणी एकावर एक येतात आणि नेमकी तीच जागा कच्ची होते. म्हणून प्रत्येक थराचा टक्स मी थोडा थोडा सरकवला, कुठलीही शिवण खालच्या शिवणीवर येणार नाही असा. अठ्ठावीस थरांचे अठ्ठावीस फर्मे. पहिलं पान तयार झालं तेव्हा युनिटच्या इंजिनिअरने ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि दोनदा मान हलवली. मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात मी धाग्याचा विचार केला नाही.

त्या रविवारी मी कैनाडला भावाकडे गेले. भाताची झोडणी चालू होती आणि भाची दहा दिवसांच्या सुट्टीवर आली होती. डोक्याला फडकं बांधून खळ्यात भारे झोडत होती. दलात जाऊन तीन वर्षं झालेली, पण घरी आली की भाऊ तिला पहिल्या दिवसापासून कामाला लावतो. दुपारी हातपाय धुऊन ती एक नवा कोरा शर्ट घेऊन माझ्यापाशी बसली.

“आत्या, एवढा बारीक करून दे ना. तुमच्याकडे पाठवलाय तसाच.”

मी विचारलं, तसाच म्हणजे कसा.

“म्हणजे फिटिंगचा. स्टोअरमधून मिळतो तो गोणीसारखा असतो. कॅम्पातला टेलर करून देतो, पण त्याच्याकडे रांग फार.”

मी पिशवीतली टेप काढली. नवा शर्ट पसरून मोजला. अडतीस. युनिटमधला तिचा शर्ट छत्तीस होता, मला वही बघायची गरज नव्हती. मग मी तिला उभी केली आणि टी-शर्टवरून टेप फिरवली. चौतीस. वहीत तिच्या नावापुढे मी बत्तीस लिहिलं होतं.

“बाकीच्या पण करून घेतात?” मी विचारलं.

“ज्या करत नाहीत त्यांना आम्ही गोणी म्हणतो.” ती हसली.

“किती बारीक करतात?”

“ज्याची त्याची हौस. कोणी एक इंच, कोणी तीन. का गं?”

 टेलर जास्तीचं कापड कापून टाकतो का, एवढं विचारलं. तर हो, कापून कडेला ओव्हरलॉक मारतो, नाहीतर परेडला आतलं कापड फुगतं. म्हणजे शर्ट उलटा केला तरी काही कळणार नव्हतं. कळण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मी पाहिली होती.

ओटीवर बसून मी बेरीज मांडली. बगलेखाली पुढचं पान मागच्या पानावर एक इंच चढतं. दोन्ही बाजू मिळून दोन इंच. भाचीच्या मापात मी दोन इंच कमी धरले होते. म्हणजे चढ शून्य, कडेला कड. हे सरळ उभं असताना, हात खाली असताना. वहिनीने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. ती म्हणाली, तुम्हा नणंदांच्या जातीला रविवारीसुद्धा हिशेब सुटत नाहीत. भाची माझ्याकडे बघत होती.

घरी परत आल्यावर वही काढली. ‘बाजूचा धागा वेगळा’ हे शब्द एकेचाळीस ओळींपुढे होते. मी दोनदा मोजले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग एकेचाळीस जणींना दोन दोन इंच वाढवून टाक. तेच तर करता येत नव्हतं. कोणाचा एक गेला होता, कोणाचे तीन, आणि गेलेलं कापड कॅम्पातल्या टेलरच्या केरात. हा आकडा कागदावर बसून काढता येण्यासारखा नव्हता. नवरा म्हणाला, “तू उद्या हे सांगणार.” मी म्हटलं, हो. तोवर बावीस जॅकेटांची पानं कापून झाली होती आणि शुक्रवारी तपासणीची माणसं यायची होती.

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये इंजिनिअरही होता. शेठ गुजराती, वयाने माझ्याएवढे. मला बेन म्हणतात आणि आवाज चढवत नाहीत. मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, शर्ट त्यांनी पाठवले, यादीवर त्यांची सही आहे, आपण त्याप्रमाणे कापलं. आपला गुन्हा काय?

“शर्ट त्यांनी पाठवले. चार मी वजा केले.”

“अरे बेन, बाजूला पट्टे आहेत ने. वेल्क्रो आहे. जाडी असेल ती पट्टा सैल करेल.”

“पट्टा लांब होतो, शेठ. आतले थर लांब होत नाहीत.”

इंजिनिअर म्हणाला की तपासणीत जॅकेट पुतळ्यावर चढवतात. पुतळ्याचं माप आमच्या तक्त्याप्रमाणेच लावणार, तेव्हा तिथे काही निघणार नाही. तो माझी समजूत काढत होता.  म्हणजे हे पास होणार होतं. पास होऊन, शिक्का बसून, पेटीत भरून जाणार होतं, आणि जिथे जाणार तिथे पुतळे नव्हते.

मी म्हटलं की कटिंगच्या पुढच्या कागदावर मी सही करणार नाही. शेठनी चष्मा काढला. या ऑर्डरवर चाळीस माणसं कामाला आहेत हे त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. त्यातल्या निम्म्या पोरी मीच शिकवून तयार केलेल्या. मग त्यांनी यादीवर बोट ठेवलं. भाची यादीत आहे हे मीच त्यांना सकाळी सांगितलं होतं. लपवलं असं नंतर वाटायला नको म्हणून.

“सत्तावीस नंबर वाढवून द्या,” ते म्हणाले. “नवीन कापा. मी कोणाला विचारणार नाही. बाकीचं पुढे जाऊ द्या.”

मी यादीवरच्या त्यांच्या बोटाकडे बघत होते. कोणी विचारलं असतं तर मी तेव्हा विचार करत होते असं म्हटलं असतं. मी विचार करत नव्हते. मनातल्या मनात सत्तावीस नंबरचं पान कापत होते. छातीच्या सहा मापांतला तीन नंबरचा फर्मा, आखूड लांबी. कापड उरलं होतं, एका दिवसाचं काम.

मग मी म्हटलं, “शेठ, तिला उद्या इथे बोलावते. तिचं जॅकेट तिच्या अंगावर बघा. नंतर तुम्ही सांगाल तसं.”

सत्तावीस नंबर कापलेल्या बावीसात होता. त्या दिवशी मी स्वतः मशीनवर बसून ते जॅकेट पूर्ण केलं, वहीतल्या चुकीच्या मापाने, एक दोरा इकडेतिकडे न करता. माणूस आपली चूक इतक्या नीट शिवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

भाची मंगळवारी चारोटीला जीप बदलून दहा वाजता आली. युनिफॉर्मचा कोरा शर्ट बरोबर आणायला सांगितला होता, तो अंगात घातला. शिलाईच्या पोरी माना वळवून बघत होत्या. मी जॅकेट चढवलं, पट्टे लावले. ती सवयीने सावधानमध्ये उभी राहिली. इंजिनिअरने चारी बाजूंनी फिरून पाहिलं. कडेला कड अगदी बरोबर भिडलेली.

“बसतंय की,” तो म्हणाला. शेठनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

“आता ड्युटीवर करतेस ते कर,” मी भाचीला म्हटलं.

“इथे?”

“टेबलावर.”

कापायचं टेबल लांब असतं. ती बूट काढून वर चढली आणि पालथी पडली. रायफल म्हणून मी तिला मोजायची लोखंडी पट्टी दिली. तिने ती खांद्याला लावली, कोपरं टेकवली, मान उचलली. आणि डाव्या बगलेखाली जॅकेट उघडलं. आवाज झाला नाही, काही तुटलं नाही. दोन कडा एकमेकींपासून दूर गेल्या इतकंच. मी खिशातला खडू काढला आणि त्या फटीतून आत तिच्या शर्टावर रेघ मारली, फटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, वरच्या कडेने आणि खालच्या कडेने.

“उठ. जॅकेट काढ.”

तिने काढलं आणि हात वर केला. शर्टावर, बरगड्यांच्या जागी, पांढऱ्या खडूचा लांबट आकार उमटला होता. सहा इंच लांब, मध्ये सव्वादोन इंच रुंद. मी मोजून मोठ्याने सांगितलं. मशिनी थांबल्या होत्या.

भाचीने मान वाकवून पाहिलं. “आत्या, हे तर त्यांना दाखवायलाच काढल्यासारखं झालं. इथे मारा म्हणून.”

पोरींतली एक हसली आणि लगेच गप्प झाली. शेठ त्या आकाराकडे बघत राहिले. त्यांना दोन मुली आहेत. पण त्यांनी त्यांचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. त्यांनी भाचीला विचारलं की तुकडी कधी निघणार. तिने सांगितलं, सुट्टी संपल्यावर बारा दिवसांनी. कुठे ते सांगता येत नाही. ते केबिनमध्ये गेले. काचेतून मला दिसत होतं, फोन हातात घेऊन ते बराच वेळ नुसते बसले होते. मग त्यांनी नंबर लावला.

तो फोन सोपा गेला नसावा. तासाभराने बाहेर आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल होत्या. तपासणी पुढे ढकलली होती. मला तीन दिवसांची परवानगी मिळणार होती, कॅम्पात जाऊन एकेकीचं माप घ्यायची. तिन्ही ठिकाणच्या बायका तिथेच आळीपाळीने येणार होत्या. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले.

“बेन, पुढच्या वेळी धागा वेगळा दिसला तर मला सांगायचं. वहीला नाही.”

मी मान खाली घातली. 

कॅम्पात मी साठ जणींना टेप लावली. शर्टावर नाही, पातळ टी-शर्टवर. उभं राहून, बसून, पालथं पडून. श्वास भरून आणि सोडून. गळ्याच्या खळीपासून बेंबीपर्यंत, उभ्याने आणि बसून, कारण बसल्यावर ते अंतर कमी होतं आणि नेमकी तेवढीच लांबी वर गळ्यात येते. पहिल्या दिवशी त्या लाजल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोण जास्त वेळ पालथं पडतं याच्या पैजा लागल्या. एक उंच मुलगी म्हणाली, भरतीला नाही एवढं मोजलं. साठ जणींत दोन मापं सारखी सापडली नाहीत. ज्यांना त्या गोणी म्हणत त्या एकोणीस जणींची माझी आधीची मापं मात्र पाव इंचात बरोबर निघाली.

परत येऊन नवीन मापं जवळच्या फर्म्यांवर बसवली. छातीचे सहा फर्मे, प्रत्येकाच्या आखूड आणि लांब अशा दोन लांब्या. आधी कापलेल्या बावीसांपैकी चौदा दुसऱ्या कोणाला तरी बरोबर बसत होती, नुसता नंबर बदलायचा होता. आठ कोणालाच बसत नव्हती. त्यात सत्तावीस नंबर होता. नव्या सत्तावीस नंबराची पानं मी शेवटची कापली, मुद्दाम, रांगेत आली तेव्हा. मी परतल्यापासून अकराव्या दिवशी साठ जॅकेटं गेली, तुकडी निघायच्या आधी.

महिन्याने भाचीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. मी विचारलं, जॅकेट कसं बसतंय.

“चांगलं आहे. जरा गळ्याला लागतं बसलं की.”

मी उठून बसले. “लागायला नको. नंबर बघ.”

 मग वेल्क्रो उचकटल्याचा आवाज. “एकतीस.”

वही कपाटातच होती. एकतीस: तीन नंबरचा फर्मा, लांब. सत्तावीस: तीन नंबरचा फर्मा, आखूड. दीड इंचाचा फरक. मी तिला विचारलं, तुझं कुठे गेलं. तर म्हणाली, ड्युटी संपली की जॅकेट स्टोअरमध्ये जमा होतं आणि दुसरी पाळी येते तिला हाताला लागेल ते दिलं जातं. सगळी सारखीच दिसतात. नंबर कॉलरच्या आतल्या बाजूला, तो कोण बघतं.

कॉलरच्या आत नंबर लावायचं मीच ठरवलं होतं. आत लावला की घासला जात नाही, असा माझा हिशेब.

“आणि सत्तावीस कोणाच्या अंगावर आहे?”

“माहीत नाही गं. त्या उंच मुलीच्या असेल.”

म्हणजे तिचं पोट दीड इंच उघडं. मी तिला म्हटलं, अदलाबदल करून घे. आजच, उद्या नाही. तुमच्या साहेबीणबाईंना सांग आणि स्टोअरमध्ये नंबराप्रमाणे खुंट्या करून घ्या. ती म्हणाली, बरं. या पोरींचं ‘बरं’ मला माहीत आहे, म्हणून मी म्हटलं, फोटो पाठव.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, वहीत लिहिण्याच्या आधी. पुढच्या लॉटपासून आम्ही नंबर बाहेर लावतो, डाव्या खांद्यावर. आखूडला पिवळी फीत, लांबला हिरवी. दुरून दिसेल अशी.

फोटो दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. तिने कॉलर उलटी करून धरली होती. सत्तावीस. वर तिची हनुवटी तेवढी दिसत होती, ती बसलेली होती हे मागच्या बाकावरून कळत होतं. बाकीच्या पोरी म्हणाल्या, ताई, चेहरा तरी येऊ द्यायचा. मी फोटो मोठा केला आणि फोनच्या काचेवर लहान पट्टी ठेवली. आकड्याची उंची मला माहीत होती, पाऊण इंच. त्यावरून कॉलर आणि हनुवटीमधलं अंतर काढलं. दोन इंच आणि थोडं वर, बसल्यावरही गळ्याला लागणार नाही एवढं.

मग डबा उघडला.